‘जातंय’ म्हणूक नये

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, मसुऱ्यापासून फार लांब नाही एवढंच समजा.

भुताच्या गोष्टीला अमावास्येची रात्र लागते म्हणतात. इथे ती नाही. दिवाळीनंतरचा शनिवार होता. दुपारचे चार, बाहेर चांगलं ऊन... आणि खोलीभर पोरं.

रसिका तिथल्या वाचनालयात काम करते. दर शनिवारी ती लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. पोरांचं लाडकं पुस्तक एकच, खिडक्यांचं. प्रत्येक पानावर कागदाची एक उघडती खिडकी. वेताच्या डालगीखाली कोंबडी, होडीखाली नांग्यांची कुर्ली, आणि शेवटच्या पानावर घराचं दार. रसिका पानावर बोट वाजवायची. टक टक. पोरं ओरडायची, "कोण आसा?" मग एकाने पुढे येऊन खिडकी उघडायची.

त्यातली गोम पोरांना ठाऊक नव्हती.

बोट पानाला लागायचंच नाही. टकटक करायची ती रसिकाची सहा वर्षांची भक्ती, टेबलाखाली, लोंबत्या कापडाआड बसून. पुस्तकातूनच आवाज येतोय म्हणून पोरं डोळे विस्फारायची, आणि ही आत तोंडावर हात धरून हसायची.

श्रावणात भक्ती तापाने फणफणली.

गेली.

रसिका रडली नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची. बायका कुजबुजायच्या, काय काळीज म्हणायचं हे! सासू यशोदा मात्र तिच्याजवळ बसून एकच सांगायची.

"हाक मारू नको गो तेका. मागे ओढू नको. माझ्या भक्तीक मोकळा जावक दी."

रसिका मान हलवायची. पोर सुटावी, एवढंच तिलाही हवं होतं. बाकी आत सगळं बधिर.

दिवाळी झाली आणि वाचनालयाचे अध्यक्ष हरिश्चंद्रकाका म्हणाले, "पोरां इचारतत गो. परत सुरू कर."

"बरा," ती म्हणाली. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

तो हा शनिवार.

पहिलं पान. तिने स्वतःच बोट वाजवलं. पोरं ओरडली, कोंबडी निघाली. दुसरं पान, कुर्ली. सगळं ठीक.

तिसऱ्या पानावर तिने बोट उचललं...

टक टक.

बोट अजून हवेतच होतं.

"कोण आसा?" पोरं खिदळली. त्यांना काय, त्यांचा खेळ पूर्ववत सुरू झाला होता.

रसिकाने वाकून कापड वर केलं. खाली कोणी नव्हतं. नुसती लादी.

तिने पान उलटलं. हात मांडीवर घट्ट धरून ठेवला.

टक टक...

भीती वाटायला हवी होती. आनंद तरी व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. बोटं तेवढी गार पडली.

शेवटच्या पानावरच्या दाराशी आवाज अगदी हलका आला. चार वर्षांची दिव्या उठली, तिने दार उघडलं, आणि पुस्तकाऐवजी टेबलाखाली बघत म्हणाली, "भक्तीताई इली."

कोणी हसलं नाही.

रसिकाने पुस्तक मिटलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मालवणी घरातून निघताना कोणी ‘जातंय’ म्हणत नाही. जाणं म्हणजे कायमचं. ‘येतंय’ म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. चुकून पोराच्या तोंडून ‘जातंय’ निघालं, तर आई झोपेतसुद्धा टोकेल.

पोरं निघाली.

"येतंय हां काकी!"

"ये."

"येतंय!"

"ये रे."

चपलांचा आवाज रस्त्याला लागला. खोली रिकामी झाली. शेवटच्या पानावरचं दार फाटून लोंबत होतं. रसिका टेबलाकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली, बोटाला डिंक घेऊन ते चिकटवू लागली. कागद धरून ठेवायचा, सरकू द्यायचा नाही. सगळं लक्ष त्यात.

मागून आवाज आला. रोजचाच. घाईचा.

"आई... जातंय गो."

आणि रसिका, हातातलं काम न सोडता, मान न वळवता, म्हणून गेली,

"जातंय म्हणूक नये बाय. येतंय म्हणूचा."

मग हळूच...

"बरा. येतंय."

डिंकाचं बोट कागदावरच राहिलं. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. पोर निघाली होती. सुटली होती. जाण्याआधी आईला सांगायला आली होती, आणि आईने तिला दारातून माघारी वळवलं.

ती वळली. खोलीत कोणीच नव्हतं. टेबलाचं कापड तेवढं हलत होतं, आणि पंखा बंद होता.

घरी तिने यशोदेला सगळं सांगितलं. "भक्तीचो काय दोष नाय," म्हातारी एवढंच म्हणाली, आणि देवापुढे दिवा लावायला उठली.

गोष्टीचा तास अजून चालतो. तिसऱ्या पानापासून रसिका बोट वाजवत नाही, वाजवावं लागत नाही. दिव्या बसते तिथे थोडी सरकून बसते, शेजारी जागा ठेवून.

पोरं गेली की रसिका खिडकीशी पाठमोरी उभी राहते. वाट बघते. एकदा, फक्त एकदा ‘जातंय’ ऐकू यावं, आणि या खेपेला आपण तोंड मिटून घ्यावं. तेवढ्यासाठी ती ओठ घट्ट दाबून धरते.

पण भक्ती पहिल्यापासून गुणी. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

"येतंय गो आई..."

आणि दाबलेल्या ओठांतूनही रसिकाच्या तोंडून निघतंच,

"ये."