हजारातले चार

अपिलं तोलणारी न्यायतुला थांबली. शीतयंत्राची घरघर तेवढी उरली होती.

पडद्यावरचे दोन आकडे पाहून डॉ. इरावती टिळेकरची कानशिलं तापली. ही तुला तिच्याच प्रयोगशाळेत जन्मली होती.

समोर शमीम तांबोळी बसली होती. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन अकरा वर्षं तुरुंगात असलेल्या जुबेरची थोरली बहीण. खुनाच्या वेळी तो साखर कारखान्यात कामावर होता, हे सांगणारी बॉयलर-खोलीच्या, अंगठ्याच्या ठशाने उघडणाऱ्या कुलपाची नोंद तिनेच भंगारातून शोधून काढली होती.

"सुटला ना माझा भाऊ?"

निबंधक कारखानीसांनी घसा खाकरला. "बाई, शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांच्या मनाची प्रतिकृती या यंत्रात आहे. तुमची नोंद दाखवून तिला हजार वेळा निकाल विचारला. हजारच्या हजार वेळा निर्दोष."

शमीमने डोळे मिटले.

"मग नोंद न दाखवता हजार वेळा विचारला. नऊशे शहाण्णव वेळा निर्दोष. म्हणजे नव्या पुराव्याने फरक पडला चारचा. कायद्याला किमान पन्नास लागतो. अपील फेटाळलं."

"अहो, लाज वाटू द्या!" इरावती कडाडली. "याचा अर्थ जुन्या पुराव्यावरही तो निर्दोषच होता! त्या दिवशी कोर्टाबाहेर जमाव फाशी मागत होता. प्रतिकृतीला तो जमाव ऐकू येत नाही, म्हणून ती खरं बोलते!"

"जुना पुरावा पुन्हा तोलायचा अधिकार आपल्याला नाही. आपण फक्त फरक मोजतो. आणि डॉक्टर, नियम मी केलेला नाही."

"म्हणजे माझा भाऊ जरा जास्तच निर्दोष निघाला म्हणायचा," शमीम सावकाश म्हणाली. "पहिल्याच फेरीवर थांबला असतात तर?"

"तर आज सुटला असता," कारखानीस म्हणाले.

इरावतीला न्यायतुलेचे नियम ठरवणाऱ्या विधी समितीतली ती दुपार आठवली. टेबलावर मूठ आपटून तिने बजावलं होतं : तुलनेविना विज्ञान नाही, नवा पुरावा न दाखवता घेतलेली दुसरी फेरी हवीच. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या.

"मॅडम," शमीमने तिच्याकडे वळून विचारलं, "ही दुसरी फेरी कुणी मागितली होती?"

इरावतीने टेबलावरचा चष्मा उचलला आणि ती दाराकडे चालू लागली.