पाहुणीचा कान

दवाखान्याचं शटर अजून बंद होतं. बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला गुडघ्यांवर बसून ती कुत्रीच्या गळ्यातला पट्टा काढत होती. बकल निघता निघेना. सात वर्षांत आंघोळीशिवाय तो पट्टा कधी गळ्यातून उतरलाच नव्हता. शेवटी एका नखाचा बळी गेला, पट्टा सुटला आणि तिने तो घाईघाईने पर्समध्ये कोंबला – जेवणाच्या डब्याखाली, पार तळाशी.

मान वर केली तर समोर एक माणूस उभा. हातात किल्ल्यांचा जुडगा, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच, आणि नाकावर तिरका चष्मा.

"कुणाची?" त्याने विचारलं.

"कुणाची नाही," ती म्हणाली. "म्हणजे... रस्त्यावरची आहे. आमच्या कोपऱ्यावर पडलेली असते. आजारी दिसली, म्हणून आणली."

तो खाली वाकला. अंगात ताप फणफणत असूनही घारीने – हे त्या कुत्रीचं घरातलं नाव – नेहमीसारखा पुढचा पाय उचलून त्याच्या हातात दिला.

"रस्त्यावरची?" तो म्हणाला. "बरीच शिकलेली दिसते."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "असेल. डॉक्टर कधी येतात?"

"आलेत," तो म्हणाला, आणि शटर वर ढकललं.

खरं तर खोटं बोलणं हा तिचा प्रांतच नव्हता. चष्म्याच्या दुकानात ती नोकरीला होती. गिऱ्हाईकाला चौकट शोभत नसली, की तोंडावर सांगून मोकळी व्हायची आणि त्यापायी मालकाची बोलणी खायची. दादा लग्न करून दुसऱ्या शहरात गेला. वहिनीला कुत्र्याचे केस सोसत नाहीत म्हणे. जाताना दादा म्हणाला होता, "दोघींना सांभाळ गं." दोघी म्हणजे आई आणि घारी. अजूनही तो फोनवर दोघींची चौकशी एकाच दमात उरकतो.

चार दिवस घारीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आधी ती काचेच्या दारांच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या मुलीने गोड हसून खर्चाचा कागद छापून दिला. तिच्या दोन पगारांएवढा आकडा, आणि खाली बारीक अक्षरात 'अंदाजे'. आकड्यापेक्षा त्या 'अंदाजे'कडे बघतच तिने कागद परत केला.

आई म्हणाली होती, "माणसांचा डॉक्टर माणसांना विचारून ठरवावा, जनावरांचा जनावरांना. दारात उभी राहा आणि बघ, बाहेर पडणारं जनावर मागे वळून बघतं का."

ती खरंच तीन दवाखान्यांच्या दारांत उभी राहिली. पहिल्या दोन्हीकडून जनावरं मालकाला ओढत सुटत होती. इथे मात्र पायाला बँडेज बांधलेला एक म्हातारा कुत्रा बाहेर आला, थांबला, आणि लंगडत पुन्हा आत गेला. डॉक्टर तिथेच ठरला. पण दारावर दरांचा फलक होता. शस्त्रक्रियेचा दर इथेही तिला पेलणारा नव्हता, आणि त्याच्याखाली एक ओळ होती – 'बेवारस जनावरांना फक्त औषधाचा खर्च'. त्या ओळीनेच तिचा घात केला.

"गर्भाशयात पू झालाय," तपासून डॉक्टर म्हणाले. "आजच ऑपरेशन करावं लागेल."

टेबलामागे मावशी बसायच्या. कागदपत्रं, औषधं आणि दवाखान्याचा स्वभाव, तिन्ही त्यांच्या ताब्यात. त्यांच्यापुढे केसपेपरचे दोन गठ्ठे होते. मालकवाल्यांना पांढरा, बेवारशांना पिवळा. त्यांनी पिवळा ओढला.

"नाव?"

"नाही... नाव नाही."

"मग काय लिहू? कुत्री?"

"पाहुणी लिहा," आतून डॉक्टर म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "बरी झाली की जिथून आणली तिथेच सोडायची. आणि डाव्या कानाचं टोक कापावं लागेल. ऑपरेशन झालंय ही खूण. नाहीतर पुढे कुणीतरी नसबंदीसाठी पुन्हा पकडून नेतं."

"दुखेल?"

"भुलीत असते. तिला कळणार नाही."

मला कळेल ना, असं तिला म्हणायचं होतं. तिने सही केली. ती सही तिला स्वतःचीच वाटेना.

संध्याकाळी दुकानातून ती जवळजवळ धावतच आली. घारी गोधडीवर झोपली होती, जीभ थोडी बाहेर, आणि दोन्ही कान... दोन्ही कान शाबूत.

"रक्त फार कमी होतं," डॉक्टर म्हणाले, "म्हणून कान राहू दिला. टाके काढताना सुई देऊन करू. दहा दिवसांनी. तोवर तुमच्याकडेच ठेवा, रोज ड्रेसिंगला आणा."

"रोज?"

"रोज," ते म्हणाले, आणि खण उघडून काहीतरी शोधू लागले. खण रिकामा होता.

अशी त्या दहा दिवसांची सुरुवात झाली. रोज दुकान सुटलं की घरून घारीला घ्यायची, टेम्पोच्या आडोशाला पट्टा काढायचा, मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घालायच्या आणि आत शिरायचं. आत फिनेलचा वास असायचा, करकरणारा पंखा असायचा, आणि तिच्या पायांचा आवाज ओळखायला लागलेला तो.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. "डॉक्टर, तुमच्या चष्म्याची एक काडी वर आहे, एक खाली. जग तिरकं नाही दिसत?"

"माझे पेशंट सरळ कुठे उभे राहतात? जमून जातं."

"द्या इकडे."

तिने पर्समधला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढायला हात घातला आणि तळाशी बकल खणखणलं. त्या आवाजासरशी टेबलावरची घारी ताडकन उठून बसली, शेपटी अशी हलवायला लागली की कापसाची बरणी पडता पडता वाचली. त्या आवाजाचा अर्थ तिच्या लेखी एकच होता – फिरायला जायचंय.

"काय वाजलं?" त्याने विचारलं.

"किल्ल्या."

"पाहुणीला किल्ल्या फार आवडतात वाटतं."

तिने खाली मान घालून स्क्रू पिळला, दोन्ही काड्या सारख्या केल्या आणि चष्मा त्याच्या नाकावर स्वतःच ठेवला. दुकानातल्या सवयीने. मग लक्षात आलं, हे दुकान नाही... आणि समोरचे डोळे आता सरळ, अगदी सरळ तिच्याकडे बघतायत.

"आता नीट दिसतंय?" तिने कसंबसं विचारलं.

"फारच नीट," तो म्हणाला. "पंचाईत आहे."

त्या दिवशी घरी जाताना तिला हसूही येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. तो ज्या मुलीकडे असा बघत होता, ती मुलगी म्हणजे रस्त्यावरच्या कुत्रीसाठी रोज धावत येणारी कुणीतरी दयाळू बाई होती. ती ही नव्हेच.

सहाव्या दिवशी पावसाची सर आली, तिला थांबावं लागलं. तेवढ्यात एक भाजीवाला गाडीवर गोणपाटात गुंडाळून एक कुत्रा घेऊन आला. पाय चिरडलेला. हा मात्र खरोखरचा रस्त्यावरचा, अंगावर खपल्या, डोळ्यांत नुसती भीती. मावशींनी कपाटातला पत्र्याचा डबा काढून हलवला. आत दोन-चार नाणी वाजली.

"डबा रिकामा झालाय, डॉक्टर. या महिन्याचे सगळे पाहुणीवरच गेले."

"असू दे. घ्या आत," म्हणत त्याने स्वतःचं पाकीट मावशींपुढे ठेवलं आणि हात धुवायला गेला.

"कसला डबा, मावशी?" तिने विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"ज्यांना कुणी नाही त्यांचा, गं. एक निवृत्त बाई पेन्शनीतून टाकतात, पलीकडचा न्हावी टाकतो. 'फक्त औषधाचा खर्च' म्हणतो ना आपण, वरचं सगळं यातून भागतं."

इतके दिवस तिला वाटलं होतं, आपण एका फलकाला फसवलं. फलकाला तोंड नसतं. आता त्या फलकामागून एक म्हातारी बाई, एक न्हावी आणि चिरडलेल्या पायाचं एक जनावर तिच्याकडे बघत होतं.

घरी आईने ताट वाढताना विचारलं, "कुत्री सुधारतेय, मग तुझं तोंड का उतरलंय?"

"काही नाही. डॉक्टर फार चांगले आहेत."

"अगं बाई," आई म्हणाली, "म्हणजे तिचा आजार गेला आणि तुला लागला."

सांगायचं तिने रोज ठरवलं. दारापर्यंत वाक्य तोंडात असायचं, आत गेल्यावर तो "या" म्हणायचा आणि वाक्य विरून जायचं. सांगितलं तर तो पुन्हा तसं बघणार नाही. नाही सांगितलं, तर घारीच्या कानावर ते खोटं जन्मभरासाठी कोरलं जाईल, आणि रोज सकाळी ती तो कान कुरवाळणार.

दहावा दिवस उजाडला. टाके निघाले. घारीने हूं की चूं केलं नाही. त्याने तबकात कात्री ठेवली, सुई भरायला घेतली. आज त्याचा हात जरा सावकाश चालत होता.

"कान धरता? तुम्ही धरलं की पाहुणी हलत नाही."

तिने कान धरला. पातळ, ऊबदार, टोकाला किंचित मऊ लव. पिल्लू असताना घारी हाच कान तिच्या तळहातावर टाकून झोपायची.

"थांबा," ती म्हणाली. "कापू नका... मावशी, तो पिवळा कागद फाडा. मला पांढरा द्या."

मावशींचं पेन हवेतच राहिलं.

"नाव घारी. वय सात वर्षं. मालक – मी." तिने पर्स उलटी केली. डबा, रुमाल, स्क्रू-ड्रायव्हर आणि शेवटी पट्टा टेबलावर पडला. "पैसे अजिबात नव्हते असं नाही, पुरेसे नव्हते. हप्त्याने चालेल का, हे विचारायची लाज वाटली. आणि खोटं बोलायची... नाही वाटली. आता दहा दिवस तेवढीच वाटतेय."

त्याने सुई खाली ठेवली.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "गळ्याभोवती केस झिजलेत, गोल. नखं कापलेली. आणि टेम्पोच्या काचेत सगळं दिसतं."

तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "मग बोलला का नाहीत? कान..."

"कान कापणार नव्हतो. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो. नसता बोललात तर आजही काहीतरी निमित्त काढलं असतं." त्याने चष्मा काढला, उगाच पुसला. "आणि तुम्हाला बोलायला माझं तोंड कुठे होतं? ड्रेसिंग तीनदा पुरतं. मी... दहा दिवस बोलावलं."

"मीही तेच म्हणत होते," मावशी केसपेपर ओढत म्हणाल्या, "एवढा कापूस जातो कुठे."

"डब्याला तुम्ही एकटीने नाही फसवलं," तो हळूच म्हणाला. "मला माहीत होतं, तरी गप्प बसलो. निम्मं माझ्या नावावर."

"नको. पूर्ण दर लावा. हप्त्याने देईन, पण पूर्ण. आणि पहिला हप्ता डब्यात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ज्याची धास्ती घेतली होती, ते त्या नजरेत कुठेच नव्हतं.

"लिहा, मावशी," तो म्हणाला.

"किती हप्ते?"

"आठ," ती म्हणाली.

"बारा लिहा."

"बारा कशाला? आठ जमतील मला."

"दर महिन्याला द्यायला यावं लागेल ना," तो म्हणाला, आणि ते वाक्य बोलून स्वतःच लाल झाला.

मावशींनी खाली मान घालून बारा लिहिले.

"चला," त्याने घारीला टेबलावरून उतरवलं. "नियम तो नियम. जिथून आणली तिथे सोडून यायचं."

बकल लावताना दोघांचे हात एकाच भोकाशी आले. घारी बारीक झाली होती, एक भोक आत घ्यावं लागलं. रस्ताभर ती पुढे आणि ही दोघं मागे, दोघांत एका माणसाचं अंतर. मग अर्ध्या माणसाचं. कोपरा आला. तिने पहिल्या दिवशी सांगितलेला तोच कोपरा. घारीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ फाटकातून आत, जिन्याच्या एकवीस पायऱ्या, आणि दारावर पंजा.

"कोपऱ्यावर पडलेली असते," तो पुटपुटला.

"पुरे हं," ती म्हणाली. लाज वाटतच होती, पण आता ती वेगळ्या जातीची होती.

दार उघडलं. आईने आधी घारीचे दोन्ही कान धरून तिच्या कपाळाला कपाळ लावलं, मग डोळे बारीक करून अंधाऱ्या जिन्याकडे पाहिलं.

"मागे कोण आहे गं? कुणाचं कोण?"

डॉक्टर, असं सांगता आलं असतं. तेही खोटं झालं नसतं. तिने एक श्वास घेतला.

"आपलंच माणूस आहे, आई."

"मग जिन्यात काय उभं केलंस?" आई म्हणाली, आणि वाटेतल्या चपला पायाने बाजूला सारल्या.