यमुनाच्या खोलीतलं बटन

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नंतर मध्येमध्ये फिदीफिदी केलेलं मला खपणार नाही. माझे सख्खे प्रभाकरमामा, ज्यांना साधी सुपारीसुद्धा चालत नाही, त्यांच्यासोबत हे घडलं. सौंसरला. चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात.

आणि रात्री-बिरात्री नाही बरं का... भर दुपारी.

मामा तेव्हा बिजली ऑफिसात मीटर तपासायच्या कामावर होते. बायको-मुलं पांढुर्ण्याला, मामा सौंसरला भाड्याच्या खोलीत एकटे. कोणी 'बिल जास्त आलं' म्हणून अर्ज दिला की मामांनी जाऊन मीटर बघायचं. मीटर खराब निघालं तर बिल कमी. चांगलं निघालं तर पैसे भरा, नाहीतर लाइन कट.

त्या दिवशीचा अर्ज मनकर्णाबाईचा होता. म्हातारी विधवा, संत्र्याच्या पेट्या भरायला जाणारी. मामा पोचले तेव्हा ती ओट्यावर वाटच बघत होती.

"साहेब, घरात मी एकटी. लट्टू एकच जळते, तोही जेवणापुरता. मंग एवढं बिल येते कुठून? मजुरीतून भरणं होत नाई. लाइन कापली तर अंधारात भिंतीशी बोलू का मी?"

मामांनी पुढच्या खोलीतला तो लट्टू, म्हणजे बल्ब, बंद केला. बाहेर येऊन मीटर पाहिलं. घरात वीज जळत असेल तरच त्यातली चकती फिरते.

चकती फिरत होती.

मीटर कधीकधी उगाच सरकतं. पण ते मुंगीच्या चालीनं. ही चकती चांगली पळत होती.

त्यांनी फ्यूज काढला. चकती थांबली. फ्यूज लावला... पुन्हा सुरू.

म्हणजे मीटर ठणठणीत होतं. घरातच काहीतरी चालू होतं.

"मावशी, खरं सांगा. शेजारी कोणाला तार दिली का?"

"नाई जी! जामसांवलीच्या मारुतीची आन!"

मामा तारेच्या मागे मागे गेले. तार गेली मागच्या खोलीकडे. दाराला बाहेरून कुलूप.

मनकर्णाबाईचा चेहरा उतरला. "ते खोली बंदच असते, साहेब. माह्या नणंदेची होती. यमुनाची. ते गेली हिवाळ्यात."

"उघडा."

आत एक खाट. खाटेवर घडी केलेली गोधडी. उन्हाळ्यातही त्या खोलीत बरंच गार वाटत होतं, असं मामा सांगतात. भिंतीवर एक बटन, ते चालू. आणि वर होल्डर...

रिकामा.

मामांनी होल्डरखाली हात धरला. पेटलेल्या बल्बखाली लागते ना, तशी ऊब हाताला लागली.

बापरे!

पण सरकारी माणूस, असा कसा घाबरेल? त्यांनी बटन बंद केलं. मनकर्णाबाईला घेऊन बाहेर ओट्यावर आले. चकती थांबलेली. मामांच्या जिवात जीव आला.

"झालं, मावशी. तिथलीच तार खराब..."

आतून आवाज आला.

खट्.

चकती फिरायला लागली.

मनकर्णाबाई मामांच्या बाजूलाच उभी होती. घरात कोणी नव्हतं.

मामा पुन्हा आत गेले. बटन चालू होतं. त्यांनी पक्कड काढली. "या खोलीची तारच कापून टाकतो. पुढच्या महिन्यापासून बिल कमी येईल. तुमची लाइन वाचली समजा."

तेवढ्यात बाईनं त्यांचं मनगट धरलं. गच्च.

"नका कापू."

"अहो, तुम्हीच अर्ज दिला ना?"

ती खाटेवर बसली. बोलताना तिला रडू आवरत नव्हतं. "यमुनाले अंधाराचं लय भेव, साहेब. रातभर बत्ती ठेवे. मी रोज भांडो, बंद कर, बिल येते! अन् एक दिवस रागारागात तिचा लट्टूच काढून घेतला. ते काही बोलली नाई. मंग ताप आला... अन् गेली. आता भांडाले बी कोणी नाई मले. घर खायले उठते."

तिनं रिकाम्या होल्डरकडे पाहिलं.

"ते येऊन राहिली, साहेब. अन् मी मूर्ख, तिचीच तक्रार घेऊन आलो तुमच्याकडे."

मामांनी पक्कड खाली ठेवली. "मावशी, तार ठेवली तर बिल असंच येणार. दोन दिव्यांचं तुम्हाला झेपणार नाही."

"मंग माह्या खोलीतला काढा. तोच लट्टू इथं लावून द्या. मले कंदील पुरते."

मामांनी लावला. बल्ब पेटला आणि ती गोधडी पिवळी दिसायला लागली.

कागदावर त्यांनी लिहिलं, मीटर बरोबर आहे.

संध्याकाळी ऑफिसातून परतताना मामांचे पाय आपोआप त्या गल्लीत वळले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत कंदील मिणमिणत होता. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, त्याच्या फटीतून उजेड येत होता. दाराला पाठ टेकून मनकर्णाबाई बसली होती.

"बंद कर ना वो यमुना. बिल येते न..."

खट्.

फटीतला उजेड गेला.

मनकर्णाबाई दचकून उठली. घाईघाईनं दारावर हात ठेवून म्हणाली, "अवं, नाई, नाई! राहू दे. मी असंच म्हणलं. राहू दे चालू."

बराच वेळ काहीच झालं नाही...

खट्.

आणि ती म्हातारी हसली. पोरीसारखी.

मी मामांना विचारलं, "तेव्हा भीती नाही वाटली?"

मामा म्हणाले, "तिथे नाही वाटली, बाबू. खोलीवर परत आलो, दिवा लावला. बंद केला. पुन्हा लावला. रात्रभर चालू ठेवला... कोणीच काही म्हणालं नाही. तेव्हा वाटली."