तेविसाव्या किलोमीटरची वाट

बापूचं सायकलींचं दुकान जुन्या शहराच्या तटबंदीला चिकटून होतं. खाली दुकान, वर घर. बापू सायकली भाड्यानं देई आणि त्याची थोरली बहीण, ताई, गिऱ्हाइकांसाठी मार्ग आखून देई. अठ्ठावीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढलेली बाई. नोकरी सुटली तरी मोजायची खोड सुटली नव्हती. घराचा जिना किती पायऱ्यांचा असं विचारलं, तर आकडा सांगून वर सातवी पायरी बोटभर उंच आहे हेही ती सांगे. तिनं आखलेले तीन मार्ग दुकानाच्या भिंतीवर लावलेले होते. त्यांच्यावर विसंबून आजवर एकही माणूस वाट चुकला नव्हता.

चौथा मार्ग सगळ्यांत देखणा होणार होता. नदीकडच्या वेशीतून बाहेर पडून पूल ओलांडला की डांबर संपायचं, आणि बारीक पांढऱ्या खडीचा रस्ता द्राक्षमळ्यांतून टेकड्या चढत-उतरत जायचा. एकेचाळीस किलोमीटरांचा फेरा. बापूनं तीस जणांची पहिली सफर ठरवूनही टाकली होती. हातात पंधरा दिवस होते.

सोमवारी सकाळी ताई मार्ग तपासायला एकटीच निघाली. जाड टायरची सायकल, हँडलवर मीटर, पाठीवरच्या पिशवीत टेप आणि वही. ऊन कोवळं होतं. वेलींवर नुकतंच गंधक मारलेलं होतं, त्याचा वास नाकात बसला होता. बावीस किलोमीटर सगळं ठीक चाललं. तेविसाव्याला, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी, डावीकडे एक वाट फुटली होती.

ती वाट तिच्या नकाशात नव्हती. त्याचं तिला नवल वाटलं नाही. मळेवाले वाटा काढतात आणि बुजवतात. तिनं सायकल थांबवली ती खडीवरच्या खुणेमुळे. एकच सायकल आत गेली होती. बाहेर आल्याची खूण नव्हती.

ताईच्या मागच्या टायरच्या नक्षीतला एक दाणा गेल्या महिन्यात दगडावर तुटला होता. आत गेलेल्या खुणेतही ठरावीक अंतरानं एक दाणा गाळलेला होता. तिनं टेप लावला. दोन मीटर सतरा सेंटिमीटर. मग स्वतःचं चाक एक फेरा ढकलून मोजलं. दोन मीटर सतरा.

‘एकाच कंपनीचे टायर, एकाच जागी तुटले असतील,’ असं तिनं वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर ते वाक्य तिला स्वतःलाच पटलं नाही.

मंगळवारी तिनं मागचा टायर बदलला. बापूला कारण सांगितलं नाही. बुधवारी ती पुन्हा तिथं पोहोचली, तेव्हा जुनी खूण गेली होती आणि तिच्या जागी नव्या टायरची कोरी करकरीत नक्षी उमटली होती. वाटेच्या तोंडाशी कुणीतरी डावा पाय टेकला होता. ताईनं सायकलवरूनच पाय लांब करून आपला बूट त्या ठशावर, वीतभर उंच, धरून बघितला. टाचेची झीजसुद्धा तीच होती.

रस्त्यावर वाऱ्यानं पानं सळसळत होती. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंची पानं मात्र चित्रातल्यासारखी होती. आणि गंधकाचा वास तिथपर्यंत येऊन थांबला होता.

अर्ध्या किलोमीटरवर पत्र्याच्या शेडखाली मळ्याचा म्हातारा मुकादम भाकरी खात बसला होता. ताईनं सायकल शेडच्या खांबाला टेकवली.

“ती डावीकडची वाट कुठं जाते हो?”

मुकादमानं घास खाली ठेवला. “तुम्हाला खुणा दिसल्या का त्यावर?”

“दिसल्या.”

“तुमच्याच?”

ताईनं आपल्या टायरकडे बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

“मला माझ्या वहाणांच्या दिसतात. अकरा वर्षं झाली. म्हणून मी तिकडं पाठ करून जेवतो.”

“कुणी आत गेलंय कधी?”

“माझा जोडीदार गेला होता. पुढं एक पडकी भिंत आहे म्हणे. तिथून वळून आला.”

“मग झालं की. आला ना परत?”

“आला,” मुकादम म्हणाला. “आला असंच सगळे म्हणतात.” आणि त्यानं घास पुन्हा उचलला.

त्या रात्री जेवताना ताईनं सगळं सांगितलं. आईनं कपाळाला आठ्या घातल्या. बापू मात्र हसून हसून ठसक्यापर्यंत गेला.

“ताई, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यास. आता जमीन तुझी मापं घ्यायला लागली.”

“मी मार्ग वरच्या रस्त्यानं वळवते.”

“आणि सगळ्यांत सुंदर उतार सोडून द्यायचा? वहाणांच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यासाठी? शनिवारी मी येतो बरोबर. दूध का दूध, पानी का पानी.”

शनिवारी दुपारी दोघं तिथं पोहोचले. बापू वाटभर बेसूर शीळ वाजवत होता. वाटेच्या तोंडाशी येऊन ती शीळ थांबली.

खडीवर दोन खुणा होत्या. एक ताईच्या टायरची. तिच्या शेजारी, तिला समांतर, बापूच्या रुंद टायरची. दोन्ही आत गेलेल्या.

“तू आलास का इथं आधी?” ताईनं विचारलं.

“नाही.” बापूनं ओठांवरून जीभ फिरवली. मग शीळ थांबल्याचीच त्याला लाज वाटली असावी. “हे बघ, मी भिंतीपर्यंत जातो आणि येतो. पाच मिनिटं. नाहीतर हे भूत तुझ्या मानेवरून उतरायचं नाही.”

“बापू, जाऊ नकोस.”

“तू घड्याळ लाव. तुला आवडतं ना?”

तिनं त्याच्या सदऱ्याला हात घातला होता. तो हसत निसटला आणि उताराला लागला. वळणापाशी दिसेनासा झाला. टायरखाली खडी चुरचुरत होती. ताई कान देऊन उभी राहिली. तो लांब जात होता, पण आवाज लांब जात नव्हता. दोन हातांच्या अंतरावर कुणी सायकल चालवत असावं तशी खडी वाजत राहिली आणि मग मध्येच थांबली.

सहा मिनिटांनी बापू वळणावरून परत आला.

“काही नाही. भिंत आहे. वळलो तिथून.”

ताईनं खाली बघितलं. खडीवर दोनच खुणा होत्या. दोन्ही आत गेलेल्या.

घरी येईपर्यंत बापूनं शीळ वाजवली नाही.

पुढचे दिवस घरात आनंदाचे गेले. बापू दुकान वेळेवर उघडू लागला, पाने-पकडी जागच्या जागी ठेवू लागला, पानात वाढलेलं निमूट संपवू लागला. “पोरगं एकदाचं माणसात आलं,” आई म्हणाली. भावजय ताईपाशी येऊन हळूच हसली. “ताई, आठवडा झाला, एकदाही घोरले नाहीत. मी मध्यरात्री उठून नाकाशी हात धरून बघितला.”

“मग?”

“मग काय,” भावजय म्हणाली, आणि भांडी आवरायला लागली.

चौथ्या मार्गाच्या नकाशात बापूनं स्वतःच्या हातानं भर घातली. तेविसाव्या किलोमीटरला डावीकडे, भिंतीपर्यंत, आणि परत. तीस जणांनी तिथूनच जायचं. ताईनं विरोध केला तेव्हा तो चिडला नाही, हसलाही नाही. “लोकांना आवडेल,” एवढंच म्हणाला.

सफरीच्या आदल्या दिवशी, भर बारा वाजता, ताई पुन्हा तिथं गेली. सायकल रस्त्यावरच आडवी केली. वाटेवर पाऊल टाकायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. ती बाजूच्या वेलींच्या ओळीतून, मातीतून, वाटेला धरून चालत गेली. पावलं मोजत. तीनशे चाळिसाव्या पावलाला भिंत आली.

पुरुषभर उंचीची दगडी भिंत. तिच्यासमोर खडीची एक मोकळी जागा. बापूच्या टायरची खूण तिथपर्यंत येऊन आडवी पडली होती, सायकल टाकून दिल्यावर पडते तशी. सायकल मात्र नव्हती. पुढे बुटांचे ठसे होते. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. एकावर एक, शेकडो. एखाद्यानं आठवडाभर येरझाऱ्या घालाव्यात तसे. खडीखालची माती उघडी पडून तिथं चर झाला होता.

ताई शेवटच्या वेलीला धरून उभी राहिली.

चरात खडीचे चार खडे हलले. एक ठसा उमटला. मग दुसरा. मग तिसरा, सावकाश, दमलेल्या माणसाचा.

“बापू,” ती म्हणाली.

ठसे उमटत राहिले. त्याला ऐकू गेलं नव्हतं.

तेव्हा तिला भिंतीच्या पायथ्याची अक्षरं दिसली. बोटानं खडी बाजूला सारून लिहिलेली, ओबडधोबड, उतरत गेलेली ओळ.

*ताई मला शोधायला कुणीच का येत नाही*

ती ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. किती वेळ, ते तिनं मोजलं नाही.

“काय बघतेस?”

बापू तिच्या समोर वाटेवर उभा होता. सायकल हातात. येताना खडी वाजली नव्हती.

त्यानं सायकल भिंतीला लावली, उकिडवा बसला आणि तळहातानं ती ओळ पुसून काढली. घाई केली नाही. आईनं अंथरुणावरच्या सुरकुत्या काढाव्यात तशी खडी सारखी केली. मग उठून हात झटकले आणि एक हात ताईपुढे धरला.

“ओळीतून कशाला चालतेस? ये इकडे. रस्त्यानं जाऊ.”

ताईनं त्याच्या हाताकडे बघितलं नाही. ती त्याच्या मागे बघत होती. नुकत्याच सपाट केलेल्या खडीत एक ‘त’ उमटला होता. आता त्याच्या पुढचा काना हळूहळू खाली ओढला जात होता.