दुसऱ्या गाण्यातला ओरखडा

फोटोवाल्याच्या डार्करूममध्ये घड्याळ नव्हतं, रेकॉर्ड प्लेअर होता. गिऱ्हाइकं हसायची, पण त्याचं गणित पक्कं होतं. पहिलं गाणं संपलं की कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा आणि दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं की बाहेर काढायचा. तीस वर्षांत एकही फोटो फिका निघाला नव्हता.

रेकॉर्ड एकच, एकोणिसाव्या वर्षी घेतलेली. माणसाला स्वभाव आई-बापांकडून मिळतो म्हणतात. या गृहस्थाला तो त्या आठ गाण्यांनी दिला होता. कव्हरवरच्या गायकाचा शर्ट करडा, म्हणून याचे सगळे शर्ट करडे. गायक ओळीच्या मध्येच श्वास घ्यायचा, म्हणून हाही बोलताना भलत्याच जागी थांबायचा. आणि महत्त्वाची गोष्ट हा तीनदा सांगायचा, ते मात्र ओरखड्यामुळे.

त्या ओरखड्याची हकिगत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. रेकॉर्ड आणून जेमतेम आठवडा झाला होता. ओळखपत्रासाठी फोटो काढायला एक मुलगी आली आणि वळताना तिच्या कोपराचा धक्का लागून टेबलावरची रेकॉर्ड खाली पडली. तेव्हापासून दुसऱ्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात ‘दार उघडंच आहे’ ही ओळ तीनदा वाजायची आणि मग सुई आपली आपण पुढे जायची. मुलगी दुसऱ्या दिवशी माफी मागायला आली, तिसऱ्या दिवशी उगीचच आली आणि वर्षभरात त्याची बायको झाली.

“नुसता फोटो काढून गेले असते तर सुटले असते,” असं ती अजूनही म्हणायची. तो खूश व्हायचा.

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला लेकीनं त्याच रेकॉर्डची कोरी प्रत शोधून आणली. “बाबा, आता तरी ते गाणं सरळ ऐका.” मग तिनं आई-बाबांना स्टुडिओतल्या बाकावर बसवलं आणि त्याच्याच कॅमेऱ्यानं दोघांचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवी रेकॉर्ड लावून तो फोटो धुवायला घेतला. ओळ एकदाच वाजली. कडवं लवकर संपलं, सवयीनं त्यानं कागद उचलला. तांबड्या दिव्यात सगळं ठीक दिसत होतं. बाकाचे खिळे, शर्टाची घडी, भिंतीवरचा पोपडा. बायको तेवढी फिकी होती.

दोन ओळी कमी वाजल्या, म्हणजे नऊ सेकंद कमी पडले, त्यानं स्वतःला समजावलं. दुसरा कागद सोडला आणि कडवं संपल्यावर तोंडानं नऊ आकडे मोजले. या वेळी बाक ठळक आला, शर्ट ठळक आला. तो एकटाच बसला होता. त्याचा उजवा हात बाजूला उचललेला होता, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. हाताखाली भिंत दिसत होती.

त्यानं निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. तिच्यातही एकच माणूस होता.

त्यानं फळीवरून जुनी रेकॉर्ड काढली आणि दुसऱ्या गाण्यावर सुई ठेवली.

‘दार उघडंच आहे.’

एकदाच. गाणं पुढे गेलं.

त्यानं रेकॉर्ड उचलून बोट फिरवलं. ती जागा त्याच्या बोटाला अंधारातही सापडायची. सगळीकडे गुळगुळीत लागलं.

बायको रोज एक वाजता डबा घेऊन यायची. ती आली की सगळं सांगायचं, ती हसेल, मग आपणही हसू, असं ठरवून तो जुनी रेकॉर्ड घेऊन बाहेरच्या टेबलापाशी येऊन बसला. ती यायला हवी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

एक वाजता दार उघडलं. तीच होती. कानामागचे पिकलेले केस, किंचित वाकडी चाल, तीच. त्याच्या जिवात जीव आला.

तिच्या हातात डबा नव्हता.

“ओळखपत्रासाठी फोटो हवा होता,” ती म्हणाली. “लगेच मिळेल ना?”

“अगं, चेष्टा पुरे.” त्याला हे तीनदा म्हणायचं होतं. एकदाच निघालं.

ती अर्धं पाऊल मागे सरकली. “तुम्ही मला म्हणालात?”

तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. अनोळखी माणसाशी ठेवतात तेवढा सभ्यपणा होता.

काय करायचं ते त्याला कळलं. त्यानं रेकॉर्ड हळूच सरकवत टेबलाच्या अगदी काठावर आणली, तिच्या कोपराच्या बाजूला, आणि बाकाकडे बोट दाखवलं. “तिथे बसा.”

ती वळली. कोपर रेकॉर्डच्या दिशेनं आलं. त्यानं श्वास रोखला.

ती थबकली. कोपर अंगाशी ओढून तिनं दोन्ही हातांनी रेकॉर्ड टेबलावर आत सरकवली.

“थोडक्यात वाचली बघा,” ती म्हणाली. “नवीकोरी दिसतेय.”