गोबेच्या नाकातले शिसे

हँगरच्या दाराशी अंथरलेल्या ताडपत्रीवर नऊ वस्तू होत्या. दोन पॅराशूट, एक बॅटरी, एक रेडिओ, एक बॅरोग्राफ (उंचीची नोंद ठेवणारे यंत्र) आणि शिशाचे चार ठोकळे, प्रत्येकी पाच किलोचे. माणदेशातल्या या ग्लायडिंग क्लबात रीतच होती. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी ताडपत्रीवर मोजायची, आणि आत ठेवताना पुन्हा मोजायची.

दुसऱ्या मोजणीला तोलू थांबला. तोलू म्हणजे क्लबचा यंत्रमानव.

"सात," तो म्हणाला. "दोन ठोकळे कमी आहेत. आणि शर्वाणी, आज डब्यात काय आणलंस, पाटा-वरवंटा? पिशवी दहा किलोंनी जड दिसतेय."

"तोल्या, गप्प बस ना!" शर्वाणीचे कान लाल झाले.

आत्याआजी पंखाखालून वाकून बाहेर आल्या. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही त्या विमानविद्येच्या शास्त्रज्ञ आणि क्लबच्या शिक्षिका होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिले, मग फाटकाबाहेरच्या ट्रककडे. तो संग्रहालयाचा होता. आजच्या चाचणीत गोबे नापास झाला, तर तो याच ट्रकमधून जाणार आणि कायमचा छताला टांगला जाणार होता.

गोबे हे त्या ग्लायडरचे (इंजिन नसलेल्या विमानाचे) नाव. हंगेरीत हा शब्द मिश्कील, हिकमती माणसासाठी वापरतात. १९६०च्या दशकातली ही रचना: धातूचे अंग, कापड मढवलेला चौदा मीटरचा पंख, एकामागे एक दोन आसने. शिकणारा पुढे, शिकवणारा मागे. हंगेरीतल्या कितीतरी मुलांनी पहिले उड्डाण याच जातीच्या ग्लायडरमधून केले होते. आता २०५२ साली बहुतेक विमाने आपली आपणच उडत. हातांनी उडवायला शिकवणारा हा एवढाच उरला होता, आणि दिवाळीनंतर त्यात शिकणाऱ्यांत शर्वाणीचा पहिला नंबर होता. आजच्या चाचणीतही पुढच्या आसनावर तीच बसणार होती.

"का काढलेस?" आत्याआजींनी विचारले.

"शंभर मीटर उंची गमावून त्याला दोन हजार मीटर जायचंय ना? हलका असला तर जास्त लांब जाईल, असं वाटलं," शर्वाणी पुटपुटली. "मला तो टांगलेला बघायचा नाही."

"मलाही नाही. चल, उडवून बघू."

त्यांनी हँगरमधून हातभर लांबीचा बाल्सा लाकडाचा ग्लायडर आणला. त्याच्या नाकाला मातीचा गोळा होता. शर्वाणीने तो फेकला. तो थेट हँगरच्या तिसऱ्या खांबापाशी उतरला.

"आता नाकावरची अर्धी माती काढ. तू शिसं काढलंस तशी."

या वेळी खेळण्याने नाक वर केले, क्षणभर लटकले आणि धाडकन नाकावर आपटले. शर्वाणीने जीभ चावली.

"गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर सगळं वजन तोललं जातं तो) मागे सरकला," आत्याआजी म्हणाल्या. "नाक वर गेलं, वेग संपला, पंखांची उचल गेली. तुझं वजन अडतीस किलो. पुढच्या आसनावर निदान पंचावन्न हवेत, म्हणून हे शिसं."

"म्हणजे मी... आपण दोघी..." तिने आपटलेले खेळणे उचलून घेतले.

"म्हणून तर दोनदा मोजतो. आता नाकाची माती परत लाव. आणखी एक गोळा पंखाखाली, बरोबर गुरुत्वमध्यावर चिकटव. थोडा जोरात फेक."

जड झालेले खेळणे सूं करत गेले आणि तिसऱ्या खांबापाशीच उतरले.

"तिथंच! पण लवकर पोचलं!" शर्वाणी ओरडली. "जड असूनही?"

"इंजिन नाही, मग त्याला पुढे कोण नेतं?"

शर्वाणीने विचार केला. "उतार. पायडल न मारता सायकल घाट उतरते तसं?"

"अगदी. हवेतला अदृश्य घाट. वजन वाढलं की उचल जास्त लागते, ती वेग वाढवून मिळते. हवेचा अडथळाही त्याच पटीत वाढतो. म्हणून घाटाचा उतार बदलत नाही, फक्त तू तो झपाट्याने उतरतेस. उतार ठरवतो पंखाचा आकार. या उताराला ग्लाइड रेशो (एक मीटर उंची गमावून किती मीटर पुढे जातो ते प्रमाण) म्हणतात."

"मग गोबेचा रेशो..."

"कारखान्यातून आला तेव्हा तेवीसच्या आसपास असणार. आता किती, ते हवेलाच विचारू."

शर्वाणीने पिशवीतून दोन्ही ठोकळे काढले, आसनाखालच्या खाचेत बसवले, खिट्टी लावली आणि मोठ्याने मोजले. "नऊ!"

"नऊ," तोलू म्हणाला. "आता डब्यात निदान भाकरी तरी ठेव."

सकाळची हवा स्थिर होती. गरम हवेचे वर चढणारे झोत अजून उठले नव्हते. विंचने (दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्राने) गोबेला चारशे मीटर उंच ओढले. दोर सुटला. आणि शांतता! फक्त वारा पंखाच्या कापडावरून सरसरत होता.

"सुकाणूची काठी हातात घे. घट्ट नको, चिमणी धरल्यासारखी," मागून आवाज आला. "वेग ऐंशी."

शर्वाणीने काटा ऐंशीवर ठेवला. नाक जरा वर गेले की वाऱ्याचा सूर खाली येई, आणि ती हलकेच काठी पुढे सारी. खाली माळ, ज्वारीचे चौकोन, आणि मुंगीएवढा ट्रक. अदृश्य घाट तिला आता जणू दिसत होता.

रेडिओ खरखरला.

"तोलू बोलतोय. सुरुवात तीनशे मीटरवर, शेवट दोनशेवर. गमावलेली उंची शंभर मीटर. कापलेलं अंतर दोन हजार दोनशे सत्तर मीटर. हवे होते दोन हजार, ट्रक रिकामाच परत जाईल."