तळाशी लावलेली काडी

कोरडे वारे सुटायच्या आत डोंगराच्या कोणत्या उतारावरचं वाळकं गवत जाळायचं, कुठलं कापायचं आणि कुठे शेळ्या सोडायच्या, हे ठरवायला आम्ही तिघं निघालो होतो: मी वनरक्षक, शेळ्या राखणारी मावशी आणि कचेरीतले साहेब. माथ्याजवळच्या घरात माझी आई एकटी राहते. तिचे गुडघे कामातून गेलेत. तिथे वणवा पोहोचला तर तिला पळता येणार नव्हतं.

साहेबांनी सगळं आधीच खोलीत बसून, नकाशावर तुकडे पाडून ठरवलं होतं. गेल्या वर्षीही याच कचेरीने यंत्र लावून झुडपं कापून घेतली आणि कापलेलं जागेवरच टाकून दिलं. त्याचं आता गुडघाभर सरपण झालं होतं. त्यात पाय रुतत होते आणि माझं डोकं तापत होतं.

"हा उतार उभा आहे, इथे जाळू नका," मावशी म्हणाली. "माझ्या शेळ्या महिन्याभरात साफ करतील."

"फॉर्मवर शेळ्यांचा रकाना नाही," साहेब म्हणाले.

मी दात आवळून पुढे चालू लागले. अर्ध्या चढावर साहेब मागे राहिले. बऱ्याच वेळाने धापा टाकत आले आणि शांतपणे म्हणाले, "पहिला तुकडा पेटवून आलो. वारा पडलेलाच आहे."

मी खाली पाहिलं. धूर! आग चढाला धावते, म्हणून वरून खाली जाळत आणायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण यांच्या नकाशात पहिला तुकडा तळाचा. म्हणून काडी तळाशी! त्या क्षणी मला त्या माणसाला उतारावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात वारा उठला.

आम्ही वर, आईच्या घराकडे पळालो. मागे तडतड. घशात धूर. साहेब पडले. मावशीने त्यांची कॉलर धरून ओढलं. ठिणग्या आमच्या पुढे पडू लागल्या!

आईच्या घराभोवती मावशीच्या शेळ्या दोन महिने चरल्या होत्या. जमीन बोडकी झाली होती. आम्ही तिथे पोहोचलो, पोती भिजवली आणि उडून आलेली प्रत्येक ठिणगी झोडपली. आग बोडक्या जमिनीच्या कडेपर्यंत आली, तिथे तिला खायला काही मिळालं नाही, आणि ती बसली.

आई दारात भिंतीला धरून उभी होती.

"कुणी लावली?" तिने विचारलं.

साहेबांच्या भुवया जळल्या होत्या. "मी," ते म्हणाले.

"मग पाणी पी. आणि ही सांगेल तसं लिही."

मी सांगू लागले. उभ्या उतारांवर शेळ्या. घरांजवळ हाताने कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं. जाळायचं फक्त सपाटीवर, सकाळच्या गारव्यात, पाणी आणि माणसं जवळ ठेवून.

"जरा हळू सांगता का?" साहेब म्हणाले. "लिहून होत नाहीये."

मी हळू सांगितलं नाही.